संरक्षण अंतराळ संस्था : बेंगळुरूतील मुख्यालय, महासंचालकपद आणि अधिकारांची उतरंड

शिवाजीनगर (बेंगळुरू) : लष्कर, नौदल आणि हवाई दल या तिन्ही सैन्यदलांची अंतराळाशी निगडित कामे एका सूत्रात बांधण्यासाठी केंद्र सरकारने उभारलेल्या संरक्षण अंतराळ संस्थेचे मुख्यालय बेंगळुरू येथे आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डीएसए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेच्या प्रमुखास महासंचालक म्हणतात. हे पद दोन तारकांच्या हुद्द्याचे, म्हणजे हवाई दलातील एअर व्हाइस मार्शल, लष्करातील मेजर जनरल किंवा नौदलातील रिअर अॅडमिरल यांच्या बरोबरीचे आहे. एअर व्हाइस मार्शल एस. पी. धारकर हे संस्थेचे पहिले महासंचालक होत. २०१९ मध्ये त्यांची नियुक्ती झाली आणि संस्थेचे काम सुरू झाले.

भारतात अद्याप स्वतंत्र अंतराळ दल नाही आणि अंतराळ कमांडही नाही. जी आहे ती ‘संस्था’. हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. सैन्यात कोणाचा आदेश कोणावर चालतो, शिस्तभंगाची कारवाई कोण करू शकतो, उपग्रहाच्या खरेदीचा प्रस्ताव कोण मांडतो आणि संकटाच्या घटकेला कोणाचा दूरध्वनी वाजतो, या साऱ्या बाबी मुख्यालयाच्या दर्जावर आणि त्यातील खुर्च्यांच्या हुद्द्यावर अवलंबून असतात. त्यामुळे या मुख्यालयाची रचना समजून घेताना उपग्रहांच्या आधी पदांचा विचार करावा लागतो.

संस्थेची पार्श्वभूमी

अंतराळासाठी संयुक्त सैनिकी यंत्रणा असावी, हा विचार एकाएकी पुढे आलेला नाही. चीनने जानेवारी २००७ मध्ये स्वतःचाच जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने नष्ट केला आणि अंतराळातील मालमत्ता सुरक्षित नाही याची जाणीव सर्वच देशांना झाली. पुढील वर्षी, जून २००८ मध्ये, तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी एकात्मिक अंतराळ कक्ष स्थापन करण्याची घोषणा केली. तिन्ही सैन्यदले, अंतराळ विभाग आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्था अर्थात इस्रो यांच्यातील समन्वय हे या कक्षाचे काम होते. नरेश चंद्र यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने २०१२ मध्ये सरकारला दिलेल्या अहवालात अंतराळ, सायबर आणि विशेष मोहिमा या तीन क्षेत्रांसाठी तिन्ही दलांच्या संयुक्त कमांड उभाराव्यात, अशी शिफारस होती.

प्रत्यक्षात कमांड मिळाल्या नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये मंजुरी मिळाली ती संरक्षण अंतराळ संस्था, संरक्षण सायबर संस्था आणि सशस्त्र दल विशेष मोहीम विभाग या तीन तुलनेने लहान यंत्रणांना. पहिल्या नेमणुका करताना समतोल साधला गेला. अंतराळ हवाई दलाकडे, सायबर नौदलाच्या रिअर अॅडमिरलकडे आणि विशेष मोहिमा लष्कराच्या मेजर जनरलकडे गेल्या. तिन्ही प्रमुख दोन तारकांचे होते. जून २०१९ मध्ये अंतराळातील युद्धासाठी लागणाऱ्या तंत्रज्ञानाच्या संशोधनाकरिता वेगळ्या यंत्रणेलाही संमती देण्यात आली आणि त्याच वर्षी २५ व २६ जुलै रोजी ‘इंडस्पेसएक्स’ हा अंतराळ युद्धाचा पहिला टेबल-टॉप सराव पार पडला.

नव्या संस्थेने काम शून्यातून सुरू केले नाही. उपग्रहांनी टिपलेल्या छायाचित्रांचे विश्लेषण करणारे दिल्लीतील संरक्षण प्रतिमा प्रक्रिया व विश्लेषण केंद्र आणि भोपाळ येथील संरक्षण उपग्रह नियंत्रण केंद्र या दोन जुन्या यंत्रणा तिच्यात विलीन करण्यात आल्या. म्हणजे मुख्यालय बेंगळुरूला, छायाचित्रे वाचणारे डोळे दिल्लीत आणि नियंत्रणाचा एक भाग भोपाळला, अशी ही विखुरलेली मांडणी आहे.

‘दल’, ‘कमांड’ आणि ‘संस्था’

या तीन शब्दांतील फरक सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेत. तेथे २९ ऑगस्ट २०१९ रोजी अंतराळ कमांडची पुनर्स्थापना झाली आणि त्याच वर्षी २० डिसेंबर रोजी ‘स्पेस फोर्स’ हे स्वतंत्र दल अस्तित्वात आले. दोन्ही नावांत अंतराळ असले तरी कामे भिन्न आहेत. दल हे माणसे भरती करते, त्यांना प्रशिक्षण देते, साधने पुरवते. कमांड ती माणसे आणि साधने घेऊन प्रत्यक्ष मोहीम चालवते. दलाचा प्रमुख लढाईचे आदेश देत नाही आणि कमांडचा प्रमुख भरती करत नाही.

अमेरिकी अंतराळ दलाच्या पेंटागॉनमधील मुख्यालयात सर्वोच्च पद ‘चीफ ऑफ स्पेस ऑपरेशन्स’ हे आहे. चार तारकांचे हे पद सर्वप्रथम जनरल जॉन रेमंड यांच्याकडे आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये जनरल चान्स सॉल्ट्झमन यांनी त्यांच्याकडून सूत्रे स्वीकारली. या पदाधिकाऱ्यास लष्कर, नौदल, मरीन कोअर व हवाई दलाच्या प्रमुखांच्या पंक्तीत संयुक्त दलप्रमुखांच्या मंडळावर स्थान आहे. त्याच्या हाताखाली उपप्रमुख, आणि त्याखाली मोहिमा, धोरण व निधी, तंत्रज्ञान व नवोपक्रम आणि मनुष्यबळ अशी विभागवार प्रमुखपदे ठेवण्यात आली. मनुष्यबळ आणि तंत्रज्ञान ही खाती सुरुवातीलाच गणवेशधारी अधिकाऱ्यांऐवजी नागरी अधिकाऱ्यांकडे सोपविली गेली, ही लक्षणीय गोष्ट होय. जवानांच्या वतीने बोलणारे आणि थेट दलप्रमुखांना सल्ला देणारे वरिष्ठतम जवानाचे पदही या मुख्यालयात आहे. एवढी पदे असूनही दलाचे गणवेशधारी मनुष्यबळ दहा हजारांच्या आसपासच आहे. शिवाय हे दल प्रशासकीयदृष्ट्या हवाई दलाच्या नागरी सचिवांच्याच अखत्यारीत येते. नाव स्वतंत्र, पण घर भाऊबंदांचे, असा हा प्रकार आहे.

युरोपातील देशांनी इतका मोठा पसारा मांडला नाही. फ्रान्सने सप्टेंबर २०१९ मध्ये अंतराळ कमांड स्थापन करून ती हवाई दलाच्या छत्राखाली ठेवली आणि पुढील वर्षी दलाचे नावच ‘हवाई व अंतराळ दल’ असे केले. ब्रिटनची अंतराळ कमांड १ एप्रिल २०२१ रोजी सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख एअर व्हाइस मार्शल पॉल गॉडफ्रे होते, म्हणजे दोन तारकांचेच अधिकारी. २०२४ मध्ये त्यांच्या जागी लष्कराचे मेजर जनरल पॉल टेडमन आले. हवाई दलाच्या तळावर बसणाऱ्या कमांडचे प्रमुखपद लष्कराकडे जाऊ शकते, हे त्यावरून दिसते.

चीनचा अनुभव वेगळ्या अर्थाने बोलका आहे. तेथे डिसेंबर २०१५ मध्ये अंतराळ, सायबर आणि इलेक्ट्रॉनिक युद्ध एकत्र करून ‘सामरिक साहाय्य दल’ निर्माण केले गेले. साडेआठ वर्षांच्या आत, १९ एप्रिल २०२४ रोजी, ते बरखास्त करून अंतराळाचे काम स्वतंत्र दलाकडे देण्यात आले आणि ते थेट केंद्रीय लष्करी आयोगाच्या अधीन ठेवण्यात आले. अंतराळाच्या प्रमुखाने नेमके कोणाला उत्तरदायी असावे, या प्रश्नावर मोठ्या सत्तांनाही पहिल्या प्रयत्नात समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

या तुलनेत भारतीय महासंचालकाचा दोन तारकांचा हुद्दा हा मुळातच कमीपणाचा आहे, असे म्हणता येत नाही. भारतातील अडचण हुद्द्यापेक्षा त्याच्या भोवतालच्या रचनेत अधिक आहे.

महासंचालकांच्या वर कोण

संरक्षण अंतराळ संस्था एकात्मिक संरक्षण स्टाफ मुख्यालयाच्या अधीन आहे. कारगिल युद्धानंतर मंत्रिगटाने केलेल्या शिफारशींनुसार १ ऑक्टोबर २००१ रोजी हे मुख्यालय अस्तित्वात आले. त्याचे प्रमुख तीन तारकांचे अधिकारी असतात. ‘सीआयएससी’ या संक्षेपाने ओळखले जाणारे हे पद लेफ्टनंट जनरल, व्हाइस अॅडमिरल किंवा एअर मार्शल भूषवितात. त्यांच्या वर संरक्षण दलप्रमुख, म्हणजे ‘सीडीएस’. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या या पदावर १ जानेवारी २०२० पासून जनरल बिपीन रावत रुजू झाले. ते एकाच वेळी संरक्षण मंत्रालयातील लष्करी व्यवहार विभागाचे सचिव आणि तिन्ही दलप्रमुखांच्या समितीचे कायम अध्यक्ष होते. सायबर व विशेष मोहिमांसह अंतराळाच्या यंत्रणाही या पदाच्या अखत्यारीत देण्यात आल्या.

ही साखळी कागदावर सरळ दिसते. मात्र ती एका व्यक्तीवर किती अवलंबून आहे, हे ८ डिसेंबर २०२१ रोजी स्पष्ट झाले. तमिळनाडूतील कुन्नूरजवळ झालेल्या हेलिकॉप्टर अपघातात जनरल रावत यांचे निधन झाले. त्यानंतर तत्कालीन लष्करप्रमुख, पुण्याचे जनरल मनोज नरवणे यांच्याकडे दलप्रमुखांच्या समितीचे अध्यक्षपद आले. पण संरक्षण दलप्रमुखाचे पद ३० सप्टेंबर २०२२ रोजी जनरल अनिल चौहान यांनी सूत्रे स्वीकारेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा महिने, रिक्त राहिले. जुनी दले शतकानुशतकांच्या परंपरेवर चालतात. त्यांना वरचे एक पद रिकामे राहिल्याचा फारसा फरक पडत नाही. तीन वर्षांच्या वयाच्या संयुक्त संस्थेचे तसे नसते. तिच्या बाजूने बोलणारा एकमेव मोठा आवाजच त्या काळात नव्हता.

महासंचालकांच्या आजूबाजूचीही गर्दी कमी नाही. नौदलाच्या मुख्यालयात दळणवळण, अंतराळ आणि जाळेकेंद्री मोहिमा पाहणारा स्वतंत्र सहायक नौदलप्रमुख आहे. हवाई दलाला तर अंतराळ हे आपल्याच आकाशाचे पुढील टोक वाटते. नांदेड जिल्ह्यातील हस्तरा गावचे सुपुत्र आणि सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२४ या काळातील हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांनी हवाई दलाचे ‘हवाई आणि अंतराळ दल’ व्हावे, हा विचार जाहीरपणे मांडला होता. तो मान्य झाला तर बेंगळुरूच्या संस्थेचे स्थान काय राहील, हा प्रश्न उरतोच. लष्कराला आपल्या सीमेवरील तुकड्यांशी उपग्रहाद्वारे संपर्क हवा असतो आणि नौदलाला हिंद महासागरातील युद्धनौकांशी. प्रत्येकाची गरज खरी आहे, म्हणूनच प्रत्येकाला उपग्रहाची किल्ली स्वतःच्या हाती हवी आहे.

उपग्रह कोणाचे

या ओढाताणीचा पुरावा उपग्रहांच्या नावांतच सापडतो. फ्रेंच गयानातील कुरू येथून ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस प्रक्षेपित झालेला जीसॅट-७ हा नौदलाचा. ‘रुक्मिणी’ या नावाने तो परिचित आहे. १९ डिसेंबर २०१८ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेला जीसॅट-७ए हवाई दलासाठी. लष्करासाठी जीसॅट-७बी या उपग्रहाचा २,९६३ कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये न्यूस्पेस इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीशी केला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी एलव्हीएम-३ प्रक्षेपकाने कक्षेत नेलेला सुमारे ४,४१० किलो वजनाचा सीएमएस-०३ पुन्हा नौदलाच्या गरजांसाठीच आहे. एकेका दलाला एकेक उपग्रह, अशी ही वाटणी संयुक्त संस्थेच्या जन्माआधी सुरू झाली आणि नंतरही चालूच राहिली.

शिवाय उपग्रह बांधणारी, सोडणारी आणि कक्षेत सांभाळणारी यंत्रणा इस्रो आहे. ती संरक्षण मंत्रालयाच्या नव्हे, तर पंतप्रधानांकडे असलेल्या अंतराळ विभागाच्या अधीन आहे. भूस्थिर उपग्रहांची निगा कर्नाटकातील हासन आणि मध्य प्रदेशातील भोपाळ येथील मुख्य नियंत्रण सुविधांतून राखली जाते. तांत्रिक गुप्तवार्ता गोळा करणारी राष्ट्रीय तंत्र संशोधन संघटना राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या कक्षेत येते. शस्त्रसंशोधन डीआरडीओकडे आहे. लष्करी वापराचा उपग्रह अडचणीत सापडला, तर महासंचालकांना आपल्या हुद्द्याच्या बळावर आदेश देता येईल अशी माणसे त्यातील फार थोड्या खोल्यांत बसलेली आहेत. उरलेल्या ठिकाणी समन्वय हाच मार्ग.

‘मिशन शक्ती’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. २७ मार्च २०१९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्याजवळील अब्दुल कलाम बेटावरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरील भारताचाच मायक्रोसॅट-आर हा उपग्रह भेदला. अमेरिका, रशिया आणि चीननंतर ही क्षमता सिद्ध करणारा भारत चौथा देश ठरला. ही चाचणी डीआरडीओने केली. संरक्षण अंतराळ संस्थेच्या पहिल्या महासंचालकांची नेमणूक त्यानंतर झाली. म्हणजे देशाचे अंतराळातील पहिले शस्त्र सिद्ध झाले तेव्हा ते वापरण्याचा विचार करणारे गणवेशातील मुख्यालय नावारूपाला यायचे होते. शास्त्रज्ञ पुढे आणि सेनापती मागे, असा क्रम इतर देशांत क्वचितच दिसतो.

शिस्तीचा कायदा

या संस्थेच्या नेतृत्वाला सर्वांत मोठे बळ कोणत्याही उपग्रहाने नव्हे, तर संसदेने संमत केलेल्या एका कायद्याने दिले. त्याचे वर्णन थोडे तपशिलाने करणे आवश्यक आहे, कारण बातम्यांत त्याला फारशी जागा मिळाली नाही.

लष्कराचा जवान १९५० च्या लष्कर कायद्याच्या, हवाई दलाचा त्याच वर्षीच्या हवाई दल कायद्याच्या आणि नौदलाचा १९५७ च्या नौदल कायद्याच्या अधीन असतो. संयुक्त मुख्यालयात हे तिघे शेजारी शेजारी बसून एकच पडदा पाहत असले, तरी कायद्याच्या नजरेत ते तीन वेगळ्या घरांतील होते. एअर व्हाइस मार्शलच्या हाताखालील लष्करी हवालदाराने कर्तव्यात कसूर केली, तर त्या एअर व्हाइस मार्शलला त्याच्यावर कारवाई करता येत नसे. हवालदाराला त्याच्या मूळ युनिटकडे परत पाठवावे लागे, तेथे चौकशी होई, वेळ जाई, आणि घटना ज्या मुख्यालयात घडली त्याचा प्रमुख केवळ साक्षीदार उरे. ज्याला शिक्षा करता येत नाही त्याचा हुकूम कितपत चालणार, हे सैन्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. रजा मंजूर करण्यापासून बढतीच्या अहवालापर्यंत मूळ दलाची पकड सैल होत नसे.

आंतर-सेवा संघटना (आदेश, नियंत्रण व शिस्त) कायदा, २०२३ याने हे बदलले. ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांनी त्याला मंजुरी दिली, १० मे २०२४ पासून तो लागू झाला आणि त्याखालील नियम २७ मे २०२५ रोजी अधिसूचित झाले. आता आंतर-सेवा संघटनेच्या प्रमुखाला, तो कोणत्याही दलाचा असो, आपल्या हाताखालील तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचे व प्रशासनाचे अधिकार वापरता येतात. ज्याचा त्याचा मूळ सेवाकायदा मात्र तसाच राहतो. हवालदारावर कारवाई लष्कर कायद्यानुसारच होईल, फक्त ती करणारा अधिकारी निळ्या गणवेशातील असू शकेल. अस्तित्वात असलेल्या आंतर-सेवा संघटना या कायद्याखालीच स्थापन झाल्या असे मानले जाते. त्यांत अंदमान-निकोबार कमांड, पुण्याजवळील खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि संरक्षण अंतराळ संस्था यांचा समावेश होतो. प्रमुखपदासाठी लष्करातील ब्रिगेडियरच्या वरचा, नौदलातील रिअर अॅडमिरल किंवा त्यावरील आणि हवाई दलातील ग्रुप कॅप्टनच्या वरचा अधिकारी पात्र ठरतो. दोन तारकांचा महासंचालक त्यात सहज बसतो.

स्थापनेपासून पाच वर्षे या संस्थेचे नेतृत्व आपल्याच माणसांवर पूर्ण अधिकार नसताना काम करीत होते, असा याचा अर्थ होतो. संस्थेच्या संथ वाढीची कारणे शोधताना ही बाब सहसा नजरेआड होते.

बेंगळुरू का

मुख्यालयासाठी बेंगळुरूची निवड का झाली, याचे उत्तर शहराच्या नकाशावर मिळते. न्यू बीईएल रस्त्यावर इस्रोचे मुख्यालय, जुन्या विमानतळ रस्त्यावर उपग्रह बांधणारे यू. आर. राव उपग्रह केंद्र, पीण्या येथे उपग्रहांचा मागोवा घेणारे इस्ट्रॅक आणि त्याच आवारात कक्षेतील भंगार व परकी उपग्रहांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘नेत्र’ प्रकल्पाचे नियंत्रण केंद्र. जोडीला हिंदुस्तान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, डीआरडीओच्या प्रयोगशाळा, हवाई दलाची प्रशिक्षण कमांड आणि अंतराळवीरांची वैद्यकीय तपासणी करणारी एरोस्पेस वैद्यक संस्था. दिल्लीत निर्णय होतात. यंत्रे मात्र येथे आहेत.

सैन्याशी या शहराचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे. १८०९ मध्ये इंग्रजांनी येथे छावणी वसविली. आजचे शिवाजीनगर हा त्या छावणीच्या बाजारवस्तीचा भाग, ब्लॅकपल्ली हे त्याचे जुने नाव. इन्फंट्री रोड अजूनही त्याच नावाने ओळखला जातो आणि कॅव्हलरी रोड आता कामराज रोड झाला आहे. छावणीचा हा भाग ‘सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन’ म्हणून थेट ब्रिटिश प्रशासनाखाली होता आणि जुलै १९४७ मध्ये तो म्हैसूर संस्थानाकडे परत आला. सतराव्या शतकात हेच शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हा योगायोग मराठी वाचकाला या नावापाशी क्षणभर थांबवितो. पायदळ आणि घोडदळ यांच्या नावांचे रस्ते असलेल्या शहरात आता अशा सैनिकी शाखेचे मुख्यालय आहे, जिच्या रणांगणात एकही जवान पाऊल ठेवत नाही.

दिल्लीपासूनच्या अंतराचा तोटाही आहे. संरक्षण दलप्रमुख, सीआयएससी, तिन्ही दलप्रमुख आणि सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती दिल्लीत. ११ ते १३ नोव्हेंबर २०२४ या काळात संस्थेने ‘अंतरिक्ष अभ्यास’ हा मोठा सराव घेतला. तिन्ही दलांसह संरक्षण सायबर संस्था, संरक्षण गुप्तवार्ता संस्था, सामरिक बल कमांड, इस्रो आणि डीआरडीओ यांचे प्रतिनिधी त्यात सहभागी झाले. इतक्या यंत्रणा एका टेबलाभोवती बसवाव्या लागल्या, यावरूनच अधिकार किती हातांत विभागलेले आहेत याची कल्पना येते.

वाढती जबाबदारी

मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर हा विषय तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर आला. देशाच्या सुरक्षेसाठी किमान दहा उपग्रह अहोरात्र काम करीत असल्याचे इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी त्या दिवसांत सांगितले. संघर्षादरम्यान चीनकडून पाकिस्तानला भारतीय हालचालींची तत्काळ माहिती मिळत होती, असे लष्कराचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंह यांनी जुलैमध्ये जाहीरपणे नमूद केले. शत्रूच्या हाती वरून दिसणारे चित्र तासांत नव्हे, मिनिटांत पोहोचत असेल, तर आपले चित्र कोणत्या मुख्यालयातून कोणत्या मुख्यालयात जाते आणि वाटेत किती स्वाक्षऱ्या लागतात, याला महत्त्व येते.

अंतराळाधारित टेहळणीच्या तिसऱ्या टप्प्याला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. सुमारे २७ हजार कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात ५२ उपग्रह असून त्यांपैकी २१ इस्रो आणि ३१ खासगी कंपन्या बांधणार आहेत. कार्यक्रमाची देखरेख संरक्षण अंतराळ संस्थेकडे आहे. एखाद्या दलाच्या नव्हे, तर संयुक्त संस्थेच्या हाती एवढा मोठा ताफा येण्याची ही पहिलीच वेळ. त्यातून महासंचालकपदाचे वजन वाढेल, हे निश्चित. लष्करी अंतराळ सिद्धांत आणि राष्ट्रीय लष्करी अंतराळ धोरण तयार होत असल्याचे जनरल चौहान यांनी एप्रिल २०२५ मध्ये सांगितले होते. इस्रो आणि खासगी उद्योगांसाठीचे भारतीय अंतराळ धोरण मात्र त्याच्या दोन वर्षे आधीच, २०२३ मध्ये, प्रसिद्ध झाले होते.

कायदा झाला, निधी आला, उपग्रहही येतील. माणसांचा प्रश्न अधिक चिवट आहे. अमेरिकेच्या अंतराळ दलात भरती झालेला अधिकारी आपली सारी सेवा अंतराळातच घालवू शकतो. जनरल सॉल्ट्झमन हे क्षेपणास्त्र आणि उपग्रह संचालनाच्या कामातून वर आलेले अधिकारी होत. भारतात अंतराळाचे स्वतंत्र संवर्ग नाही. अधिकारी आपापल्या दलांतून ठरावीक मुदतीसाठी संयुक्त मुख्यालयात येतात, कक्षांची गणिते, प्रतिमांचे वाचन आणि इस्रोची कार्यपद्धती शिकतात, आणि हात बसतो न बसतो तोच पलटण, युद्धनौका किंवा स्क्वाड्रनकडे परततात. बढतीचा रस्ता तेथूनच जात असल्याने त्यांना दोष देता येत नाही. रणगाड्याची तुकडी किंवा फ्रिगेट सांभाळल्याचा अनुभव निवड मंडळासमोर मोजला जातो; उपग्रहाच्या पडद्यासमोर घालविलेली तीन वर्षे तितकी मोजली जात नाहीत.

पहिल्या महासंचालकांची कारकीर्दही याला अपवाद नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून घडलेले आणि जून १९८५ मध्ये लढाऊ वैमानिक म्हणून हवाई दलात दाखल झालेले धारकर बेंगळुरूच्या जबाबदारीनंतर पुन्हा हवाई दलाच्या मुख्य प्रवाहात परतले. एअर मार्शल म्हणून त्यांनी शिलाँग येथील पूर्व हवाई कमांडचे नेतृत्व केले, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते हवाई दलाचे उपप्रमुख झाले आणि ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच पदावरून निवृत्त झाले.